रेटिनातल्या चेतापेशी: घडतात कशा, अंतर राखतात कशा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून आणि शिक्षकांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मापनाचा आणि ऊतक हाताळण्याचा भाग मुद्दाम लांबवला आहे, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

रेटिना म्हणजे डोळ्याचा पडदाच ना? मग तो मेंदूचा भाग कसा?

हो, 'पडदा सरकला' म्हणतात तो हाच. भ्रूणात पुढच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंना फुगे येतात. प्रत्येक फुगा त्वचेच्या थरापर्यंत पोचतो आणि मग आत दबून त्याची दुहेरी भिंतीची वाटी होते. वाटीची आतली भिंत जाड होत जाते, तीच चेतापेशींची रेटिना. बाहेरची भिंत एकपेशी जाडीचीच राहते आणि तिच्यात काळं रंगद्रव्य भरतं. या दोन भिंती एकमेकींना चिकटून असतात, पण शिवलेल्या नसतात. मूळच्या फुग्यातली पोकळी त्यांच्या मधे नावापुरती शिल्लक असते. पडदा सुटतो तो नेमका याच फटीत. म्हणजे म्हातारपणीच्या आजाराची जागा गर्भातच ठरलेली असते.

पेशींचे प्रकार किती, संख्या किती?

मोठे गट सात: प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी आणि शंकूपेशी, मधल्या हॉरिझॉन्टल, बायपोलर, ॲमाक्राइन, मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गँग्लिऑन, आणि आधार देणाऱ्या म्युलर पेशी. यातल्या सहा चेतापेशी, सातवी ग्लिया, म्हणजे आधारपेशी. या गटांचे पोटप्रकार मात्र पुष्कळ आहेत. उंदरात एकट्या गँग्लिऑन पेशींचेच ४० च्या वर प्रकार मोजले गेले आहेत. पुढे 'अंतर राखणं' म्हणू ते नेहमी पोटप्रकाराबद्दल असेल, अख्ख्या गटाबद्दल नाही. हे लक्षात न घेतल्यामुळे अर्धे घोळ होतात.

संख्येचा अंदाज हवा तर उंदराच्या एका रेटिनात सुमारे ६४ लाख दंडपेशी आणि १ लाख ८० हजारांच्या आसपास शंकूपेशी असतात. रेटिनाचं क्षेत्रफळ साधारण १५ चौ. मिमी. म्हणजे पसरलेली रेटिना शर्टाच्या बटणापेक्षाही बरीच लहान.

सगळ्या पेशी एकदमच जन्मतात का?

नाही, ठरलेल्या क्रमाने. आधी गँग्लिऑन, त्यांच्या मागोमाग हॉरिझॉन्टल, शंकूपेशी आणि ॲमाक्राइन. दंडपेशींची लाट लांब चालते, आणि शेवटी बायपोलर व म्युलर. उंदराची गर्भावस्था १९-२० दिवसांची. त्यात पहिल्या गँग्लिऑन पेशी ११व्या दिवसाच्या सुमारास दिसतात, दंडपेशींचा जोर जन्माच्या आसपास असतो, आणि बायपोलर-म्युलर पिल्लू जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात तयार होतात. रिचर्ड यंग यांनी १९८५ मध्ये किरणोत्सारी थायमिडिन (डीएनएचा घटक) वापरून हे वेळापत्रक उंदरात बारकाईने मांडलं. मध्यभाग पुढे असतो आणि कडा मागे, म्हणून एकाच पिल्लाच्या एकाच रेटिनात दोन वेगवेगळी 'वयं' सापडतात. तुलना करताना मध्याची मध्याशी आणि कडेची कडेशी करायची.

आज हे काम ईडीयू (नव्या डीएनएत शिरून खूण सोडणारं रसायन) टोचून करतात, साधारण ५० मिग्रॅ प्रतिकिलो. एक चूक हमखास होते: हलका चमकणारा केंद्रक धरून 'ही पेशी त्या दिवशी जन्मली' असं लिहिलं जातं. ईडीयू शोषल्यावर पेशी पुन्हा विभागत राहिली तर खूण प्रत्येक वेळी निम्मी होत जाते. त्या दिवशी विभाजन थांबवलेली पेशी भगभगीत दिसते. तेवढीच मोजा.

कोणती पेशी काय होणार हे कोण ठरवतं? आधीपासून वेगवेगळी 'घराणी' असतात का?

बहुतांशी नाही. टर्नर आणि सेप्को यांनी १९८७ मध्ये उंदराच्या भाऊबंदातल्या रॅटच्या रेटिनात, एकेका पूर्वज पेशीला विषाणूद्वारे कायमची खूण केली आणि तिची पिलावळ पाहिली. एकाच पूर्वजापासून दंडपेशीही निघाल्या, बायपोलरही आणि म्युलर ग्लियाही. म्हणजे घराणं एकच, पण काळाबरोबर त्या पूर्वज पेशीची कुवत बदलत जाते. सुरुवातीच्या कुवतीमागे इकारोस हे प्रथिन आहे, नंतरच्या टप्प्यात कॅस्झ-१ आणि एनएफआय कुळातली प्रथिनं येतात. एनएफआय काढून टाकली की पूर्वज पेशी विभागतच राहतात आणि बायपोलर-म्युलर नीट तयारच होत नाहीत.

त्या त्या टप्प्यावर कौल कुठे लागेल यात नशिबाचाही हात आहे. २०११ मध्ये रॅटच्या पूर्वज पेशी एकेकट्या वाढवून त्यांच्या वंशावळी पाहिल्या, तेव्हा मुलं किती आणि कुठल्या प्रकारची हे ठरावीक शक्यता धरून फासे टाकल्यासारखं निघालं.

जनुकं काढून टाकल्यावर काय होतं हे एकदा वाचलं की चित्र डोक्यात बसतं. अ‍ॅटोह-७ गेलं तर ९५ टक्क्यांहून अधिक गँग्लिऑन पेशी गायब आणि दृष्टिचेता जवळजवळ नाहीच. फॉक्सएन-४ गेलं तर हॉरिझॉन्टल पेशी पूर्ण नाहीशा आणि ॲमाक्राइन घटलेल्या. एनआरएल गेलं तर जी दंडपेशी व्हायची ती निळ्या-जांभळ्या प्रकाशाच्या शंकूपेशीसारखी होते. लिम-१ गेलं तर गंमत वेगळीच: हॉरिझॉन्टल पेशी तयार होतात, पण आपल्या मजल्यावर न जाता ॲमाक्राइनच्या मजल्यावर मुक्काम ठोकतात. 'कोण व्हायचं' आणि 'कुठे बसायचं' हे दोन वेगळे निर्णय आहेत, हे त्यावरून कळतं.

विभाजन होताना केंद्रक वर-खाली का फिरतात?

पूर्वज पेशी रेटिनाच्या पूर्ण जाडीभर ताणलेली असते. डीएनएची प्रत काढताना तिचा केंद्रक आतल्या बाजूला जातो आणि विभाजनासाठी रंगद्रव्याच्या थराला लागून येतो. म्हणून विभाजन चालू असलेल्या पेशी छेदात त्या एकाच कडेला ओळीने दिसतात. तशा त्या दुसरीकडे विखुरलेल्या दिसल्या तर आधी छेद तिरका गेला आहे का ते बघा, मग नव्या शोधाचा विचार करा.

'समान अंतर' म्हणजे नक्की काय? फरशीसारखी मांडणी असते का?

फरशी नाही. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलेली जोडपी पाहा. कोणी फूटपट्टी घेऊन बसवलेलं नसतं. प्रत्येक जोडपं शेजारच्या जोडप्यापासून थोडं लांब जागा धरतं, एवढंच. त्यामुळे ओळ बऱ्यापैकी सारखी दिसते, पण दहाव्या जोडप्याची जागा पहिल्यावरून सांगता येत नाही. आता त्याच कट्ट्यावरचे चणेवाले आणि चहावाले बघा. चणेवाला दुसऱ्या चणेवाल्यापासून लांब राहतो, पण जोडप्यांशी त्याचं अंतर-बिंतर काही नसतं, उलट तो मुद्दाम जवळच जातो.

रेटिनात हाच नियम दोन मितींत चालतो. एका प्रकारची पेशी स्वजातीय पेशीपासून अंतर राखते, परक्या प्रकाराची दखल घेत नाही. (चणेवाल्याचं मुद्दाम जवळ जाणं तेवढं उपमेतून वगळा.) एका थरात दहा प्रकार असतील तर दहा जाळ्या एकमेकींवर बेफिकीर पडलेल्या असतात. ॲसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन वापरणाऱ्या स्टारबर्स्ट या ॲमाक्राइन पेशींच्या दोन जाळ्या असतात, एक आतल्या केंद्रक-थरात (रेटिनातल्या केंद्रकांच्या तीन थरांपैकी मधल्या) आणि दुसरी गँग्लिऑन थरात. पेशींचं रूप सारखंच, तरीही एका जाळीवरून दुसरीतल्या पेशींच्या जागा ओळखता येत नाहीत.

लांब पल्ल्याची शिस्त यात नाही. संगणकावर यदृच्छेने बिंदू टाकत जा, आणि नवा बिंदू आधीच्या एखाद्याच्या ठरावीक अंतराच्या आत पडला तर रद्द करा. बस, इतक्या साध्या नियमाने बहुतेक जाळ्यांची नक्कल जमते. अंतर मात्र एकच ठेवायचं नाही. सरासरी आणि प्रमाण विचलन देऊन दर वेळी थोडं कमी-जास्त घ्यायचं.

हे अंतर पेशी राखतात कसं? त्या सरकतात का?

सरकतात, आणि याचा पुरावा फार देखणा आहे. मादी सस्तन प्राण्याच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र बंद असतं. तिरंगी मांजरीच्या अंगावर ठिगळं दिसतात ती यामुळेच. एका एक्सवर निळा रंग देणारं जनुक बसवलेल्या माद्या घेतल्या तर त्यांची रेटिना निळ्या आणि पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची दिसते, कारण एका पूर्वजाची पिलावळ एका खांबात रचली जाते. रीस, हार्वे आणि टॅन यांनी १९९५ मध्ये पट्टी सोडून भरकटलेल्या पेशी कोणत्या ते पाहिलं. दंडपेशी, बायपोलर आणि म्युलर आपल्या खांबातच राहिल्या होत्या. शंकूपेशी, हॉरिझॉन्टल, गँग्लिऑन आणि कोलिनर्जिक (म्हणजे ॲसिटिलकोलिनवाल्या) ॲमाक्राइन बाजूला सरकून परक्या रंगाच्या पट्टीत गेलेल्या सापडल्या. म्हणजे बाजूला सरकणाऱ्या पेशी प्रामुख्याने लवकर जन्मणाऱ्या आणि नियमित जाळी करणाऱ्या गटांतल्याच होत्या.

शेजारी स्वजातीय आहे हे कळतं ते स्पर्शाने. उंदराच्या पिल्लात पहिल्या काही दिवसांत हॉरिझॉन्टल पेशी उभे, तात्पुरते तंतू काढतात. हे तंतू शेजारणीच्या तंतूंना टेकतात आणि तिथेच थांबतात, त्यामुळे प्रत्येकीभोवती हद्द आखली जाते. लेसरने एक पेशी मारली की शेजारणी रिकाम्या जागेत शिरतात. हा प्रयोग २००९ चा. पुढे तंतू आडवे पसरतात, उभे नाहीसे होतात, आणि प्रौढ रेटिनात या वाटाघाटींचा मागमूस उरत नाही. प्रौढ ऊतक पाहून यंत्रणा शोधणाऱ्यांची निराशा का होते, त्याचं हे एक कारण.

रेणूंच्या पातळीवर मेग्फ-१० आणि मेग्फ-११ ही पृष्ठभागावरची प्रथिनं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहेत. के, चू आणि सेन्स यांनी २०१२ मध्ये दाखवलं की मेग्फ-१० काढलं तर स्टारबर्स्ट पेशींची मांडणी यदृच्छेच्या पातळीला येते. हॉरिझॉन्टल पेशींची जाळीही याच जोडगोळीवर उभी आहे.

यात आणखी दोन नावं सतत घुसवली जातात, पण त्यांचं काम वेगळं आहे. डीस्कॅम हे प्रथिन नसलेल्या उंदरात डोपामिनवाल्या ॲमाक्राइन पेशींचे घोस होतात आणि तंतू दोरीसारखे एकत्र वळले जातात. म्हणजे डीस्कॅम 'दूर हो' म्हणण्यापेक्षा 'चिकटू नको' म्हणतं. गॅमा प्रोटोकॅडहेरिनच्या २२ जनुकांचा संच तर पेशीच्या स्वतःच्याच फांद्या एकमेकींत गुंतू नयेत यासाठी आहे. तो काढला तर स्टारबर्स्ट पेशीच्या फांद्यांचा गुंता होतो. परीक्षेत तिन्ही एका वाक्यात कोंबले की गुण जातात, आणि जावेतच.

राहिलं पेशीमरण. उंदीर-रॅटमध्ये जन्मलेल्या गँग्लिऑन पेशींपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पेशी पहिल्या काही आठवड्यांत मरतात. फार जवळ पडलेल्यांपैकी एक गेली की मांडणी आपोआप सुधारते. डोपामिनवाल्या पेशींत हे ठळक दिसतं: बॅक्स जनुक काढून मरण थांबवलं की त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढते आणि नियमितता जाते. सगळ्या प्रकारांना मात्र हा एकच नियम लावू नका. कुठे सरकण्यावर भर असतो, तर कुठे छाटणीवर.

उजेडाचा, दिसण्याचा यावर परिणाम होतो का?

जाळ्या डोळे उघडण्याआधीच बसतात. उंदराचे डोळे जन्मानंतर १२ ते १४ दिवसांनी उघडतात. त्याआधी रेटिनात आपसूक विद्युत लहरी फिरतात, त्या मेंदूकडच्या जोडण्या तासायला लागतात. पेशींच्या जागा मुख्यतः संपर्कातून ठरतात.

नियमितता मोजायची कशी?

१९७८ मध्ये वॅस्ले आणि रीमान यांनी वापरलेली रीत आजही पहिली पायरी आहे. प्रत्येक पेशीचं तिच्या सगळ्यात जवळच्या स्वजातीय पेशीपासूनचं अंतर काढा. सरासरीला प्रमाण विचलनाने भागा. हाच नियमितता निर्देशांक.

आकड्यांत पाहू. घनता प्रति चौ. मिमी १,००० पेशी. मांडणी निव्वळ यदृच्छेची असेल तर जवळच्या शेजाऱ्याचं सरासरी अंतर १५.८ मायक्रॉन आणि विचलन ८.३ येतं, निर्देशांक १.९१. अगदी षटकोनी, मधमाशीच्या पोळ्यासारखी मांडणी असेल तर अंतर सगळीकडे ३४ मायक्रॉन आणि विचलन शून्य. समजा तुमच्या पेशींचं सरासरी अंतर २२ आणि विचलन ५ आलं, तर निर्देशांक ४.४. ही चांगली नियमित जाळी.

चौकोन केवढा घ्यायचा? किमान १०० पेशी याव्यात. वरच्या घनतेला म्हणजे ०.१ चौ. मिमी, साधारण ३१६ मायक्रॉन बाजूचा चौकोन.

व्होरोनॉय बहुभुजांचं (प्रत्येक पेशीला सगळ्यात जवळ पडणाऱ्या प्रदेशाचं) क्षेत्रफळ घेऊनही असाच निर्देशांक निघतो. यदृच्छ मांडणीला तो १.८९ असतो. दोन्ही काढा, दोन्हींचं कायम जुळतंच असं नाही. त्यापुढे रॉडिक यांची १९९१ ची रीत आहे: प्रत्येक पेशीभोवती वर्तुळाकार कडी आखून अंतरानुसार घनता किती ते बघायचं. जवळच्या कड्यांत घनता खाली पडलेली दिसते, आणि ती खाच किती रुंद आहे त्यावरून पेशीभोवतीचं मोकळं वर्तुळ कळतं.

एक धोका: १.९१ ही तुलना बिनजाडीच्या बिंदूंशी आहे. खऱ्या पेशी एकमेकींत घुसू शकत नाहीत, त्यामुळे शिस्त अजिबात नसलेली पेशींची गर्दीही १.९१ च्या वर जाते. तुमच्या पेशींचा व्यास आणि घनता घालून निदान १०० वेळा संगणकावर यदृच्छ मांडणी करा आणि त्या पट्ट्याशी तुलना करा. नुसता 'निर्देशांक २.४, म्हणून नियमित' हे वाक्य आम्ही प्रबंधात दिसलं की खोडतो.

पेपरमध्ये ४.४ आहे, आमचा ३.२ येतो. उंदीर बिघडला की आम्ही?

बहुतेक वेळा मोजणी. वरचंच उदाहरण घ्या: १०० पेशी, सरासरी २२, विचलन ५. आता यातल्या फक्त ३ पेशी चुकून दोनदा मोजल्या गेल्या, ३ मायक्रॉनच्या अंतराने. १०३ बिंदूंपैकी ६ बिंदूंचं अंतर ३ झालं. सरासरी २०.९ वर येते, विचलन ६.६ वर जातं, आणि निर्देशांक ३.२. तीन चुकीच्या क्लिकमध्ये अख्खा 'म्यूटंट' तयार! म्हणून ५ मायक्रॉनपेक्षा जवळची प्रत्येक जोडी मूळ चित्रात परत जाऊन तपासा. आपोआप मोजणारं सॉफ्टवेअर लंबगोल पेशीचे दोन तुकडे करतं, त्यातूनच हे बहुधा येतं.

दुसरं कारण कडा. चौकोनाच्या कडेजवळच्या पेशीचा खरा शेजारी बाहेर राहतो, तिचं अंतर फुगतं, विचलन वाढतं. ज्या पेशीचं कडेपर्यंतचं अंतर तिच्या शेजाऱ्यापर्यंतच्या अंतरापेक्षा कमी आहे ती वगळा. कडेला टेकलेले बहुभुजही वगळा.

तिसरं, दोन प्रकार एकत्र मोजणं. उंदरात कॅल्बिंडिन या प्रथिनाची अँटिबॉडी हॉरिझॉन्टल पेशी उत्तम रंगवते, पण काही ॲमाक्राइनही रंगवते. दोन स्वतंत्र जाळ्या एकत्र केल्या की त्यांची शिस्त दिसेनाशी होऊन निर्देशांक यदृच्छेकडे घसरतो. खोली पाहून वेगळं करा: हॉरिझॉन्टल आतल्या केंद्रक-थराच्या अगदी बाहेरच्या कडेला असतात.

अर्धवट रंग चढल्याने सुटलेल्या पेशी, आणि मोठ्या चौकोनात मध्यापासून कडेकडे बदलणारी घनता, हीसुद्धा निर्देशांक पाडतात. आणि हो, उंदराची जातही लिहा. दोन प्रचलित जातींत हॉरिझॉन्टल पेशींची संख्या जवळपास दुपटीने वेगळी असू शकते. एका उंदराचे १२ चौकोन म्हणजे १२ नमुने नव्हेत, एकच.

रेटिना फाटू न देता सपाट पसरवायची कशी?

डोळा काढण्याआधी वरची बाजू ओळखू येईल अशी खूण करा. नंतर कोणती पाकळी वरची, हे कोणालाच सांगता येत नाही. २६ गेजच्या सुईने बुबुळाच्या कडेला छिद्र पाडा आणि डोळा ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये (ऊतक टिकवणारं द्रावण) १५ मिनिटं ठेवा. मग बारीक कात्रीने त्याच छिद्रातून गोल कापत पारदर्शक भाग काढा, भिंग चिमट्याने अलगद उचला. उरलेली वाटी परत ३० ते ४५ मिनिटं त्याच द्रावणात. जास्त वेळ ठेवली तर ऊतक कडक होतं आणि अँटिबॉडी आत शिरत नाही, कमी ठेवली तर रेटिना ओल्या टिश्यूपेपरसारखी हातात येते. दृष्टिचेता तळातून कापून रेटिना बाहेर काढा आणि चार काप द्या, कडेपासून मध्याकडे दोन-तृतीयांश. काप छोटे राहिले तर पाकळ्यांच्या बुडाशी घड्या पडतात आणि घडीवर घनता खोटी वाढते.

पुढे सीरम आणि ०.५ टक्के ट्रायटनमध्ये (अँटिबॉडीला आत वाट करून देणारा साबण) काही तास. पहिली अँटिबॉडी ४ अंशांवर ३ ते ५ दिवस, हळू हलवत. छेदासाठी एक रात्र पुरते, पण पूर्ण रेटिना सुमारे २०० मायक्रॉन जाड असते आणि एका रात्रीत फक्त वरचे थर रंगतात. तासा-तासाने तीन ते सहा धुणी, दुसरी अँटिबॉडी रात्रभर, पुन्हा धुणी. गँग्लिऑनची बाजू वर ठेवून, काचेखाली टेकू देऊन बसवा. टेकू नसेल तर काचेच्या वजनाने थर चेपतात आणि खोलीवरून प्रकार ओळखणं संपलं. उलटी बसली आहे का हे कळायला केंद्रकांचा रंग पुरतो: वरून खाली जाताना आधी विरळ थर यायला हवा. दाट, बारीक केंद्रकांचा गच्च थर आधी आला तर दंडपेशी वर आल्या आहेत.

पावसाळ्यात काही वेगळं करावं लागतं का?

जून ते सप्टेंबर मुंबईची हवा सगळ्यालाच घाम फोडते. जिलेटिन लावलेल्या स्लाइडवर बुरशी धरते, त्या सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा आणि जेलचा रंग बदलला की भाजून घ्या. कडा बंद करायला लावलेलं नेलपॉलिश लवकर वाळत नाही. थंड खोलीतून काढलेल्या स्लाइडवर लगेच लावलं तर खाली दव अडकतं, म्हणून स्लाइड आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकासाठी कुलाब्याहून पवईला जायचं असेल तर बसवलेल्या स्लाइड नेऊ नका. रेटिना ०.०२ टक्के सोडियम अझाइड घातलेल्या बफरमध्ये, तोंडापर्यंत भरलेल्या छोट्या नळीत, बर्फाच्या डब्यात न्या आणि तिकडे बसवा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर लोकलच्या धक्क्यांनी रेटिना नळीभर हेलकावते आणि पाकळ्या फाटतात. अझाइड विषारी आहे, नळीवर तसं लिहा.

आमच्या कॉलेजला उंदरांची परवानगी नाही. काहीच करता येणार नाही का?

जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांना सीसीएसईएची (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती) नोंदणी आणि संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची फॉर्म बी वरची मंजुरी लागते. त्यात पळवाट शोधू नका. पण मटणाच्या दुकानात मुंडीबरोबर येणारे बोकडाचे डोळे वापरता येतात. जैवसुरक्षेची कॉलेजची परवानगी आणि हातमोजे तेवढे हवेत. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, सकाळची पहिली मुंडी मागा, आणि डोळे बर्फात घालून तासाभरात कामाला लागा. दुपारचा डोळा आणलात तर रेटिना दुधाळ होऊन सुटते.

विकास यात दिसणार नाही, तो कधीच संपलेला आहे. मांडणी मात्र दिसते. डोळा उघडल्यावर मागच्या भिंतीवर निळसर-हिरवी झळाळी दिसते, ती टॅपेटम, म्हणजे प्रकाश परतवणारा थर. रेटिना तिच्यापुढची पातळ साय. रेटिना पसरून, क्रेसिल व्हायोलेटने रंगवून गँग्लिऑन थर बघा. खूर असलेल्या प्राण्यांत पेशींची दाटी आडव्या पट्ट्यात असते, क्षितिज न्याहाळायला सोयीची. पट्ट्यात आणि पट्ट्याबाहेर घनता मोजा, हा एक सरळ प्रकल्प झाला. सगळ्यात मोठ्या पेशींचा नियमितता निर्देशांक काढलात तर तो अपेक्षेपेक्षा कमी येईल. निराश होऊ नका: मांजरीत १९८१ मध्ये दाखवलं गेलं की मोठ्या अल्फा पेशींत उजेडाला पेटणाऱ्या आणि अंधाराला पेटणाऱ्या अशा दोन स्वतंत्र जाळ्या असतात. साध्या रंगात त्या एक दिसतात.

माणसातही असंच असतं का?

माणसात एकूण शंकूपेशी साधारण ४६ लाख. पिवळ्या ठिपक्याच्या (रेटिनातला सगळ्यात तीक्ष्ण नजरेचा भाग) अगदी मध्यात त्यांची घनता सरासरी प्रति चौ. मिमी २ लाखांच्या घरात जाते. तिथला खळगा गर्भाच्या २५व्या आठवड्याच्या सुमारास पडायला लागतो. जन्मल्यावरही काही वर्षं शंकूपेशी मध्याकडे सरकत आणि बारीक होत राहतात, म्हणून तान्ह्या बाळाची नजर मोठ्या माणसाइतकी तीक्ष्ण नसते.

शंकूपेशी आपापसांत नीट रचलेल्या असतात, पण त्यातली लाल कुठली आणि हिरवी कुठली याला शिस्त नसते. रूर्डा आणि विल्यम्स यांनी १९९९ मध्ये जिवंत माणसांच्या डोळ्यात हे थेट पाहिलं: लाल-हिरव्यांची वाटणी जवळपास नाणेफेक, आणि दोन निरोगी माणसांत त्यांचं प्रमाणही फार वेगळं. दोन्ही जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात आणि एका पेशीत दोनपैकी एकच चालू होतं. निळ्या शंकूपेशींची गोष्ट निराळी. त्या थोड्या असतात आणि अगदी मध्याच्या चिमुकल्या भागात नसतातच. त्यामुळे बारीकसा निळा ठिपका टक लावून पाहिला तर त्याचा रंग हरवतो, तो काळसर वाटतो.